धुऱ्यावरचा पत्ता

पत्ता सांगणे ही एक कला आहे, आणि आम्हा अमरावतीकरांना ती साधलेली नाही असे माझे जुने मत आहे. राजकमल चौकात उभे राहून कोणा भल्या माणसाला पत्ता विचारावा, तर तो आधी आपण कोणाकडे निघालो, कशासाठी निघालो, त्यांचे-आपले नाते काय, हे सारे काढून घेतो आणि मग 'असे सरळ जा, तिकडे कोणीही सांगेल' असे म्हणून मोकळा होतो. पण नीट विचार केला तर त्याच्या चौकशीत एक शहाणपण आहे. त्याच्या दृष्टीने पत्ता म्हणजे जागा नव्हेच. पत्ता म्हणजे तिथे राहणारे माणूस. माणूस कळले की जागा आपोआप कळते. उलट ज्या जागी कोणी राहत नाही तिला पत्ता तरी कशाला हवा?

टपालखात्याने या समजुतीला पहिला धक्का दिला तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्या दिवशी सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला. तो बसवणारे गृहस्थ श्रीराम भिकाजी वेलणकर. टपालखात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृतात काव्य करणारे कवी. वृत्तात अक्षरे मोजून बसवण्याची सवय असलेल्या माणसाला अख्खा हिंदुस्थान सहा आकड्यांत बसवणे जमले, यात मला नवल वाटत नाही. अमरावतीला ४४४६०१ आले, अकोल्याला ४४४००१. पहिल्या आठ आकड्यांत देशाची सारी जमीन वाटून दिली, आणि नवाचा आकडा राखून ठेवला तो फौजेच्या टपालासाठी. नवाने सुरू होणारा पत्ता नकाशावर शोधू जाल तर सापडायचा नाही. तो जमिनीचा पत्ताच नव्हे. शाळेत मुलांना पिनकोड शिकवताना मी हा नवाचा आकडा नेहमी गंमत म्हणून सांगत असे. पत्त्यांच्या यादीतली एक सबंध रांग जमिनीला न देता मुद्दाम बाजूला ठेवावी लागते, यामागे केवढी गरज असू शकते, हे मात्र मला गेल्या दिवाळीत कळले; आणि तेही टपालखात्याकडून नव्हे, तर माझ्या भाच्याकडून.

हा भाचा अकोल्याचा. पुण्याला नोकरी करतो. काय करतो असे विचारले की 'ड्रायव्हर लिहितो' म्हणून सांगतो. या उत्तराने त्याच्या लग्नाच्या दोन बोलण्या पुढे सरकल्या नाहीत, असे माझी बहीण म्हणते. ड्रायव्हर म्हणजे मोटार हाकणारा नव्हे, हे तिने आता सर्वांना सांगून ठेवले आहे. संगणकाला जी जी यंत्रे जोडतात, कोणी छापणारे, कोणी चित्र घेणारे, कोणी तारेवरून बातमी आणणारे, त्या प्रत्येकाशी संगणकाने कसे बोलावे ते सांगणारा मजकूर म्हणजे ड्रायव्हर. म्हणजे दुभाषाच म्हणायचा. मी कादंबऱ्या लिहितो, तो ड्रायव्हर लिहितो, आणि दोघांच्याही लिखाणाचे घरात कोणी कौतुक करत नाही, म्हणून आमचे बरे जमते.

गेल्या वर्षी पाडव्याला तो अमरावतीस आला आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीजेसाठी मी, माझे वडील आणि तो असे तिघे बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत बसलो. वडील पंचाहत्तरीच्या घरात आहेत. खिडकीजवळ बसले की पाच मिनिटांत डोळे मिटतात. डोळे मिटलेले असले म्हणजे कानही मिटलेले असतात असे मात्र नाही.

भाचा अबोल होता. दिवाळीच्या फराळातही त्याचे लक्ष नव्हते. मी खोदून विचारले, तेव्हा म्हणाला, "मामाजी, एक पत्ता ठरवायचा आहे. तिथं अडलं आहे."

मला वाटले, पुण्याला घर पाहतो आहे.

"घर नाही मामाजी. हाक मारायचा पत्ता."

मग त्याने जे सांगितले ते मी माझ्या पद्धतीने सांगतो. कारण माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले, आणि मला एखादी गोष्ट शाळेच्या इमारतीत नेऊन बसवल्याखेरीज समजत नाही.

संगणकाचा मेंदू, ज्याला ते प्रोसेसर म्हणतात, हा हेडमास्तरसारखा एकटा आपल्या खोलीत काम करीत असतो. बाकीची यंत्रे म्हणजे वर्ग. कोणत्या वर्गाला काय हवे हे पाहायला हेडमास्तर दर मिनिटाला फेऱ्या मारू लागला तर त्याचे स्वतःचे काम व्हायचे नाही. म्हणून ज्याला गरज असेल त्याने हाक मारावी, अशी रीत आहे. हाक ऐकू आली की हेडमास्तर हातातले काम खाली ठेवतो, त्या वर्गाचे पाहतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. या हाकेला त्या लोकांत इंटरप्ट म्हणतात.

पूर्वी या हाकेसाठी तारा असत. पीसीआय नावाची जोडणी होती, तिच्यात अशा चार तारा. यंत्रे अधिक आणि तारा चार, म्हणजे एका तारेवर दोन-तीन यंत्रांनी वाटणी करायची. आमच्या शाळेत शिपायाला बोलवायची एकच घंटा चार वर्गांना मिळून होती, ती मला आठवली. घंटा वाजली की शिपाई प्रत्येक दारात जाऊन 'तुम्ही वाजवली का, तुम्ही वाजवली का' विचारत फिरे. याहून मोठी अडचण दुसरीच होती. माल जातो एका वाटेने आणि घंटेची तार जाते दुसऱ्या वाटेने. कधी कधी माल अजून रस्त्यात असायचा आणि घंटा आधी वाजायची. हेडमास्तर टेबलाकडे पाहतो तर टेबल रिकामे!

म्हणून १९९८ च्या सुमारास या पीसीआयच्या नियमांत एक नवी तोड निघाली. तार नको, चिठ्ठी पाठवा. यंत्र नाहीतरी आपला माल मेमरीतल्या अमुक पत्त्यावर लिहून ठेवतच असते. तसाच त्याने एक लहानसा आकडा एका ठरलेल्या पत्त्यावर लिहावा, की तीच हाक. चिठ्ठी मालाच्याच वाटेने, मालाच्या मागून येते. तेव्हा माल पोचायच्या आधी हाक पोचण्याचा संभवच उरला नाही. चिठ्ठीवर आकडा असल्यामुळे कोणी हाक मारली हेही कळते. एका यंत्राला अशा ३२ निरनिराळ्या हाका मारता येतात, आणि पुढच्या सुधारणेत तर २०४८. मला ही तोड फार आवडली. तार तोडून टाकली आणि टपालावरच काम भागवले.

"मग अडलं कुठे?" मी विचारले.

"चिठ्ठी कोणत्या पत्त्यावर टाकायची, तिथं."

यातली मेख अशी आहे. ती चिठ्ठी मेमरीत पोचतच नाही. मेमरीच्या वेशीवर एक जागल्या बसवलेला असतो. येणाऱ्या प्रत्येक लिखाणाचा पत्ता तो पाहतो. पत्ता इतर कोणताही असला तर माल आत सोडतो. पत्ता तो ठरलेला असला, तर चिठ्ठी तिथेच काढून घेतो आणि प्रोसेसरला हाक देतो. चिठ्ठीत काय आहे, ती खरेच चिठ्ठी आहे की कोणाचा माल आहे, हे त्याला कळत नाही. त्याला फक्त पत्ता कळतो. आता समजा, त्याच पत्त्यावर मेमरीत खरोखरच कोणाचे घर असले तर? त्या घरी जाणारा माल जागल्या वेशीवरच काढून घेणार, हाक समजून ओरडणार आणि माल फेकून देणार. ज्याने पाठवला तो समजतो पोचला. ज्याच्याकडे यायचा त्याला तो निघाल्याचीच वार्ता नसते.

गाडी कुरूम सोडून निघाली होती. मी वडिलांकडे पाहिले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. पण मला ती जुनी गोष्ट आठवल्याखेरीज राहिली नाही, आणि मी ती भाच्याला सांगितली. त्याने ती पूर्वी ऐकली नव्हती. आमच्या घरात ती फारशी कोणी काढत नाही.

गोष्ट १९७० ची. कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ साली आली, त्याच्या आधीची. तेव्हा आमच्या खेड्यातला कापूस बैलगाड्यांनी अकोल्याच्या बाजारात एका अडत्याकडे जाई. अडत्या हुशार होता. त्याने गावोगावच्या शेतकऱ्यांना आपल्या दुकानाचा पत्ता घातलेली कार्डे देऊन ठेवली होती. पाठीमागे काही लिहायची गरज नाही. वेचणी संपून गाड्या भरायला घेतल्या की कोरे कार्ड पेटीत टाकायचे. कार्ड दुकानात आले की तिथला पोऱ्या ओरडे, 'गाड्या निघाल्या!' आणि कार्ड टोपलीत टाकून देई. मग अडत्याचा माणूस नाक्यावर जाऊन उभा राही, म्हणजे वाटेत दुसऱ्या कोणी गाड्या वळवू नयेत. आपण हल्ली मिस्ड कॉल देतो, त्यातलाच हा प्रकार. मजकुराला किंमत नाही. येणे हाच मजकूर.

वडील त्या वर्षी मॅट्रिक होऊन नोकरीसाठी अर्ज करीत होते. खेड्यात टपाल आठवड्यातून दोनदा येई, तेव्हा अकोल्याचा एखादा पत्ता द्यावा म्हणून त्यांनी ओळखीच्या त्या अडत्याच्या दुकानाचा पत्ता दिला. मुलाखतीचे बोलावणे आले, तेही कार्डावरच. पोऱ्याला वाचता येत नव्हते. आणि वाचता आले असते तरी त्याला वाचायला सांगितलेच नव्हते. तो ओरडला, 'गाड्या निघाल्या!' आणि कार्ड टोपलीत गेले. अडत्याचा माणूस दिवसभर नाक्यावर उभा राहून संध्याकाळी परत आला. गाड्या आल्या नाहीत. त्याने दोन शिव्या दिल्या आणि गोष्ट तिथेच संपली.

वडील चार महिने वाट पाहून त्या कचेरीत गेले, तेव्हा तिथल्या कारकुनाने जावक नोंदवही उघडून दाखवली. कार्ड पाठवल्याची तारीख होती. खोटे कोणीच बोलत नव्हते. कचेरीने पाठवले होते, टपालवाल्याने पोचवले होते, पोऱ्याने आपले काम केले होते. वडील परत येऊन सात एकर कोरडवाहू करू लागले. पुढे माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले, त्याचा त्या कार्डाशी काही संबंध आहे की नाही, याचा हिशेब मी कधी मांडला नाही.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामाजी, आमच्याकडं अगदी हेच झालं."

तो ज्या यंत्रावर काम करीत होता ते दवाखान्यासाठी होते. रोग्याच्या हृदयाचे ठोके अखंड लिहून ठेवायचे, हे त्याचे काम. सुदैवाने ते अजून चाचणीतच होते. कोणा रोग्याला लावलेले नव्हते. त्याचा ड्रायव्हर पूर्वी कोणीतरी लिहिलेला होता, आणि लिहिणाऱ्याने हाकेचा पत्ता ठोकून बसवला होता. त्या वेळी यंत्रात मेमरी दोन जीबी होती. त्याने पत्ता घेतला तो दोन जीबीच्या थोडा पलीकडचा. तिथे कोणी राहत नव्हते. विचार चुकीचा म्हणता येणार नाही. आपल्या पूर्वजांनी स्मशाने अशीच गावाबाहेर नेली. पुढे यंत्राची नवी आवृत्ती निघाली, आणि मेमरी झाली चार जीबी. आज अमरावतीत काय, अकोल्यात काय, गाव वाढत वाढत स्मशानाच्या पलीकडे गेले, भोवती लेआउट पडले, तसेच झाले. गावाबाहेरचा पत्ता गावात आला, आणि जागल्या मात्र जुन्या हुकुमाप्रमाणे तिथला माल काढून घेत राहिला.

नुकसान केवढे? एका वेळी चार बाइट. तेही रोज नव्हे. मेमरीतली ती नेमकी जागा ठोक्यांच्या नोंदीला मिळाली तरच. आठ-दहा दिवसांत एखाद्या वेळी नोंदीत एक बारीक भोक पडे. चूक झाल्याचा कुठे उल्लेख नाही. ते भोक शोधण्यात त्याचे तीन आठवडे गेले. शेवटी सापडले ते हाका मोजल्यावर. यंत्राने मारलेल्या हाकांपेक्षा प्रोसेसरला ऐकू आलेल्या हाका जास्त भरल्या! कोणीच न मारलेली हाक ऐकू येत होती. गाड्या नव्हत्या आणि माणूस नाक्यावर उभा होता.

आता प्रश्न एवढाच होता की नवा पत्ता कोणता घ्यायचा. त्याचे साहेब म्हणत होते, पत्ता आणखी लांब टाका आणि मोकळे व्हा. यंत्र नवीन वर्षापूर्वी द्यायचे कबूल केलेले. तेवढा एक आकडा बदलायला पाच मिनिटे लागतात. भाच्याच्या मनात दुसरेच होते, पण त्यासाठी सारी चाचणी पहिल्यापासून घ्यावी लागली असती. ही गोष्ट साहेबांना सांगायची की नाही, याच विचारात त्याची दिवाळी चालली होती.

मूर्तिजापूर आले. या तालुक्यातले मुरंबा हे विजय भटकरांचे गाव. १९४६ चा त्यांचा जन्म. पुण्याला १९८८ साली सी-डॅक निघाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१ साली परम ८००० हा महासंगणक झाला. मी भाच्याला मुद्दाम विचारले, "त्या परममध्ये हा पत्त्याचा घोळ कसा सोडवला होता?"

तो हसला. म्हणाला, "तिथं घोळच नव्हता. त्यात ट्रान्सप्यूटर नावाच्या चिपा होत्या. एकीला चार वाटा, चार शेजारणी. ज्या वाटेनं निरोप आला तोच पत्ता. सामाईक मेमरी नाही, तर सामाईक पत्ताही नाही." खेड्यातल्या चार घरांना टपालपेटी लागत नाही, परसदारातून हाक मारली की पुरते, तसे ते होते. वस्ती वाढली, सगळ्यांचा रस्ता एक झाला, की मग पत्त्यांची भानगड सुरू होते.

या भानगडीतून लोकांनी कसकशा वाटा काढल्या, तेही त्याने सांगितले, आणि मला त्यात खरोखर रस वाटला. आपल्या घरोघरच्या संगणकांत जे प्रोसेसर असतात, त्यांच्या घराण्यात ही जागा पहिल्यापासून ठरवून टाकली आहे. चार जीबीच्या सीमेच्या १८ एमबी अलीकडे एक एमबीचा पट्टा हाकांसाठी राखलेला आहे. तिथे मेमरी येऊच द्यायची नाही. हा टपालातला नवाचा आकडाच. पण लहान यंत्रांतल्या निरनिराळ्या घराण्यांत असा सर्वमान्य पट्टा नाही. तिथे ज्याचा त्याने पत्ता ठरवायचा. काही जण आपल्याच ड्रायव्हरच्या जागेतला एक कोनाडा दाखवून देतात, म्हणजे दुसऱ्या कोणाचे नुकसान नको. एनव्हिडिया कंपनीच्या टेग्रा नावाच्या चिपांची हकिकत तर ऐकण्यासारखी आहे. त्यांच्या लिनक्समधल्या ड्रायव्हरमध्ये काही काळ मोठा ऐटबाज पत्ता होता. पत्त्यांची हद्द होती १०१२ जीबीची, आणि ती जोडणी असलेल्या कोणत्याही चिपेला १६ जीबीपेक्षा जास्त मेमरी लावताच येत नव्हती. तेव्हा त्यांनी १०१२ जीबीच्या अगदी शेवटची चार केबीची पट्टी घेतली. गाव सोळा घरांचे आणि पत्ता हजार घरे सोडून पलीकडचा! तिथवर वस्ती कधी जाणारच नव्हती. मेमरीचे एक पानही वाया जात नव्हते. शिवाय आपण असे का केले, हे लिहिणाऱ्याने त्या मजकुराच्या मध्येच साध्या गद्यात लिहून ठेवले होते. भाच्याने मला ते मोबाइलवर दाखवले. आकड्यांच्या आणि कंसांच्या रानात ती चार माणसासारखी वाक्ये पाहून लेखक म्हणून मला बरे वाटले.

"मग तुझे साहेब तेच तर म्हणतात!" मी म्हणालो.

"हो. पण तो पत्ता त्यांना पुढं बदलावा लागला."

कारण असे. सगळी यंत्रे सारखी नसतात. काही गरीब यंत्रांना ३२ खणांचाच पत्ता लिहिता येतो. ३२ खणांत मावतात ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते, म्हणजे बरोबर चार जीबी. त्यापलीकडचा पत्ता या यंत्रांना लिहिताच येत नाही. हजार जीबीवरचा तो देखणा पत्ता त्यांच्या काहीच कामाचा नव्हता. त्यांनी हाक तरी कुठे मारायची? मला आमच्या दुसरीतली मुले आठवली, शंभरापुढचा आकडा आला की पाटीवर जागा संपणारी. शेवटी टेग्रावाल्यांनी लांबचा पत्ता सोडला आणि चार जीबीच्या आतलेच एक पान रीतसर मागून घेतले. पान म्हणजे ४०९६ बाइटांची जागा. चार जीबीत अशी १० लाख ४८ हजार ५७६ पाने असतात. त्यातले एक घ्यायचे, आणि त्यात काहीच ठेवायचे नाही. संगणकाच्या मुख्य कारभाऱ्यालाही त्या पानात डोकावायची वाट ठेवायची नाही. पेरायचे नाही, कापायचे नाही. फक्त त्याच्या नावाने हाका मारायच्या.

"आमच्या यंत्रातही असली एक जुनी चिप आहे," भाचा म्हणाला. "तिला ३२ च्या पुढं लिहिता येत नाही. म्हणजे साहेबांचा लांबचा पत्ता तिच्यासाठी मेलाच."

"मग चार जीबीच्या आतच कुठे तरी रिकामी जागा पाहा."

"आहे ना. थोडीशी आहे. आज रिकामी आहे."

इथे वडिलांनी डोळे उघडले. गाडी बोरगाव मंजूजवळ आली होती. कापसाची दुसरी वेचणी चालू होती, आणि ते बाहेर पाहत होते. तसेच बाहेर पाहत त्यांनी विचारले,

"काहून रे बाबू, तू थे पान मागून घेतलं, त त्याची कोठी नोंद होते का? सातबाऱ्यावर चढते का थे?"

भाचा दचकला. म्हणाला, "हो आबाजी. मागून घेतलं की मेमरीच्या कारभाऱ्याच्या वहीत चढतं. मग ते दुसऱ्या कोणाला देत नाही."

"आन् थे रिकामी जागा? थे कोनाच्या नावावर हाये?"

"कोणाच्याच नाही. म्हणून तर रिकामी."

"मंग उद्या थे कोनाले देईन त तुले कोन इचारते?" वडील म्हणाले. "पडीक पाहून घर बांदू नोको बाप्पा. पडीक म्हंजे आपलं नोहे. त्या दुकानाचा पत्ता म्या असाच देल्ला होता. चांगली जागा, ओळखीचा मानूस. पन माह्या नावानं थो खन त्यानं कोठी लेहून ठेवला होता?"

आम्हा दोघांनाही पुढे काही सुचले नाही. त्या कार्डाबद्दल वडील आपण होऊन बोलले, असे मी तरी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांनी अडत्याला दोष दिला नाही, पोऱ्यालाही दिला नाही. पन्नासाहून अधिक वर्षे त्यांनी ती गोष्ट मनात उलटीपालटी केली असली पाहिजे, आणि तीतून एवढेच काढले होते की जागा रिकामी आहे का, हे विचारून भागत नाही. तिथे आपले नाव लागले आहे का, हे विचारावे लागते. वऱ्हाडात दोन शेतांच्या मध्ये धुरा असतो. त्यावर कोणी पेरत नाही, पण म्हणून तो पडीक नव्हे. दोन्ही बाजूंच्या कागदांवर तो असतो, आणि त्यावर नांगराचे एक तास जास्त फिरले तर लोक कोर्टात जातात. भाच्याला हवा होता तो पत्ता असा धुऱ्यावरचा. रानातला नव्हे.

हे सारे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. मागून घेतलेले पान आणि पाहून ठेवलेली जागा यांतला फरक त्याच्या धंद्यात रोजचा आहे. पण साहेबांना काय सांगावे, हे त्याला सुचत नव्हते. 'आज रिकामी आहे' याला उत्तर म्हणून 'उद्या भरेल' एवढेच त्याच्याजवळ होते. आणि उद्याच्या भीतीसाठी आजची तारीख कोणी पुढे ढकलत नाही. अकोल्याच्या स्टेशनावर उतरता उतरता त्याने मला विचारले, "मामाजी, सातबाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात?" मी म्हणालो, "पुण्यातल्या साहेबाला सातबारा हा शब्द इंग्रजीपेक्षा लवकर कळेल."

भाऊबीज झाली. बहिणीने ओवाळले, चिवडा बांधून दिला, आणि भाच्याच्या लग्नाचा विषय काढून झाला. तो दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. साहेबांशी त्याचे काय बोलणे झाले ते त्याने सविस्तर सांगितले नाही. यंत्र नवीन वर्षापूर्वी गेले नाही, एवढे मला कळले, आणि त्याबद्दल त्याला वरून चार शब्द ऐकावे लागले, हेही कळले.

संक्रांतीच्या आधी त्याचा फोन आला. त्याने पान मागून घेतले होते, चार जीबीच्या आतले. नवी चाचणी अकरा दिवस आणि अकरा रात्री अखंड चालली होती. मारलेल्या हाका आणि ऐकलेल्या हाका, दोन्हींचा आकडा शेवटपर्यंत एकच होता. नोंदीत कुठे भोक नव्हते. पत्ता तिथेच का घेतला, हे त्यानेही ड्रायव्हरच्या मजकुरात पाच ओळी इंग्रजीत लिहून ठेवले होते, पुढे येणाऱ्याने जागा वाचवायला म्हणून ते पान काढून टाकू नये यासाठी. त्या ओळी त्याने मला पाठवल्या. मी त्यांचे मराठी करून वडिलांना वाचून दाखवले.

वडिलांनी ते लक्ष देऊन ऐकले. मग विचारले, "त्यात जागा केवढी गेली त्याची?"

मी म्हणालो, "दहा लाख पानांतलं एक."

त्यांनी मनातल्या मनात सात एकरांचा काहीतरी हिशेब केला असावा.

"धुऱ्यात त याच्याहून लय जाते," ते म्हणाले, आणि चहा मागितला.